गव्हाचा तिसरा आठवडा

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाच्या एकाच शेतात 1843 पासून दरवर्षी गहू पिकतो आहे. तो खरा हिवाळी गहू, शरदात पेरून पुढच्या उन्हाळ्यात कापायचा. लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी तिथे जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांतले पाणी तपासून घेतले. शरदात दिलेल्या अमोनियाच्या खताचे नायट्रेट होते आणि हिवाळी पावसात ते वाहून जाते, हे एकोणिसाव्या शतकातच दिसून आले.

आपल्या रब्बीत तसा पाऊस नाही. आपली अडचण वेगळी, आपल्याकडे दिवसच थोडे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला बागायती गहू 110 ते 120 दिवसांत काढणीला येतो आणि फेब्रुवारी उलटला की उन्हाने दाणा आवळतो. त्यामुळे पेरणीनंतरचा 18 ते 21 दिवसांचा टप्पा फार मोलाचा. याच वेळी मुकुटमुळे फुटतात, फुटवे निघू लागतात. किती फुटव्यांना ओंब्या येणार, ओंबीत किती दाणे बसणार, याचा पाया पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घातला जातो. तेव्हा नत्र कमी पडले तर फुटवे मरतात, आणि नंतर कितीही युरिया टाकला तरी ते परत येत नाहीत. फुलोऱ्यात दिलेल्या नत्राने दाण्यातली प्रथिने वाढतील, ओंब्या वाढणार नाहीत.

म्हणूनच वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे, पण दोन हप्त्यांत. निम्मे पेरताना, निम्मे तीन आठवड्यांनी निंदणी करून पहिल्या पाण्याच्या वेळी. युरियात 46 टक्के नत्र असते. म्हणजे दुसऱ्या हप्त्याला हेक्टरी 130 किलो, 45 किलोच्या जवळजवळ तीन गोण्या. पेरणीच्या हिशेबात मात्र अनेकांची गफलत होते. डीएपीच्या 100 किलोंत 18 किलो नत्र असतेच, ते वजा न करता वर पूर्ण युरिया दिला जातो. गहू काळाभोर, लुसलुशीत दिसतो. पुढे वाऱ्यात लोळतो.

सगळे नत्र पेरतानाच देऊन मोकळे होणेही मला पटत नाही. रोपाची मुळे तेव्हा इवलीशी. पाण्याबरोबर नत्र त्यांच्याखाली उतरते. उलट, ओलसर जमिनीवर युरिया फेकून तसाच ठेवला तर आपल्या चुनखडीयुक्त काळ्या रानात त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो. युरिया पाण्यात सहज विरघळतो आणि पाण्याबरोबर खाली जातो, म्हणून त्याच्यामागे लगेच पाणी हवे. पण ते बेताचे. वाफे तुडुंब भरले तर तोटाच.

यंदा गहू पेराल त्या दिवशीच कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला खूण करून ठेवा, आणि पाण्याची पाळी व युरियाच्या गोण्या त्या दिवसासाठी आधीच नक्की करा.