उंचीच्या आधीचे राम सुतार

182 मीटर हा आकडा शिल्पकार राम सुतार यांच्या नावाला असा चिकटला आहे, की त्यामागची सहा दशकं झाकोळून जातात. 31 ऑक्टोबर 2018 रोजी नर्मदेकाठच्या केवडियाला सरदार पटेलांच्या या उंचीच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा ते 93 वर्षांचे होते. पण त्यांचा हात ओळखायचा, तर नर्मदेआधी चंबळ गाठायला हवी.

गांधीसागर धरणाजवळ त्यांनी चंबळमाता उभी केली. उंची 45 फूट, माध्यम काँक्रीट. काँक्रीट एरवी साच्यात ओततात आणि साचा काढला की काम संपतं. सुतारांनी मात्र त्यावर दगडासारखी छिन्नी चालवली. आईजवळ दोन मुलं आहेत: मध्य प्रदेश आणि राजस्थान. नदीच्या पाण्यावर हक्क सांगणारी राज्यं एकाच आईची लेकरं करून दाखवणं ही कल्पना आजही ताजी वाटते. हे काम पाहून नेहरूंनी भाक्रा धरणाच्या कामगारांचं 50 फुटी कांस्यस्मारक सुचवलं होतं. पैशांअभावी ते झालं नाही. माझ्या मते, आपल्या शिल्पकलेचं ते मोठं नुकसान.

छिन्नीचा हा विश्वास आला कुठून? 19 फेब्रुवारी 1925 रोजी धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर इथे, सुतारकाम करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा रस्ता दाखवला. 1953 मध्ये तिथलं मेयो सुवर्णपदक त्यांनी मिळवलं. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या शिल्पांची डागडुजी केली. दुसऱ्याच्या भंगलेल्या मूर्तीला हात लावताना स्वतःची शैली बाजूला ठेवावी लागते. मूळ कारागिराने खांदा कुठे वळवला, वजन कोणत्या पायावर टाकलं, हे आधी वाचावं लागतं. पुढे व्यक्तिशिल्पं घडवताना हेच वाचन त्यांच्या कामी आलं.

संसदेच्या आवारातले त्यांचे ध्यानस्थ गांधी पाहा. पाठीचा किंचित बाक, मिटलेले डोळे, सैल खांदे. तिथे भव्यता आहे ती बसण्याच्या ढबीत.

केवडियाला अडचण वेगळी होती. धोतर नेसलेला, चालण्याच्या पवित्र्यातला माणूस खाली निमुळता होत जातो. एवढा डोलारा पायांवर पेलायचा कसा? आत काँक्रीटचे गाभे उभारून वर कांस्याचे पत्रे चढवले गेले. त्याआधी 3, 18 आणि 30 फुटांच्या प्रतिकृती झाल्या. मोठ्या आकारात चेहरा बिघडू नये म्हणून हा सगळा खटाटोप. पायथ्याशी उभं राहिलं, की हनुवटी पुढे येते आणि कपाळ दिसेनासं होतं. हे शिल्पकाराला आधीच हेरावं लागतं.

पद्मश्री (1999), पद्मभूषण (2016) आणि महाराष्ट्र भूषण हे सन्मान त्यांना लाभले. डिसेंबर 2025 मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले. मुंबईत इंदू मिलच्या जागेवरच्या डॉ. आंबेडकरांच्या 350 फुटी पुतळ्याचं शिल्पही त्यांचंच. वडिलांच्या जोडीने वर्षानुवर्षं राबलेले अनिल सुतार हेही शिल्पकारच आहेत.