सभेंतील डफ

गेल्या निवडणुकींत आम्ही एका प्रचारसभेस गेलों होतों. मैदान तुडुंब भरलें होतें. भाषणापूर्वीं शाहिरांचे पोवाडे उत्तम झाले. दुसरे दिवशीं वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, वक्ते काय म्हणाले?” आम्हांस कांहींच आठवेना, ओठांवर होता तो पोवाडा!

असें कां व्हावें? पोवाड्याची रीतच पाहावी. डफाची थाप दूरवर पोहोंचून पांगलेल्यांस गोळा करते, तुणतुणें सूर राखतें, शाहीर कथा सांगतो व झीलकरी ‘जी जी’ म्हणत झील धरतात. ही झील इतकी सोपी, कीं निरक्षर श्रोताहि लगेच गाऊं लागतो आणि अनोळखी माणसें एकजीव होतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर ह्या शाहिरांनीं हीच शक्ति लोकजागृतीस लाविली. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, त्यांत त्यांच्या डफाचाहि वांटा आहे.

परंतु डफ खरें-खोटें निवडीत नाहीं. तें काम श्रोत्याचें. विद्यार्थिमित्रहो, सभेस अवश्य जावें, झीलहि धरावी. मत मात्र डफ थांबल्यावर, घरीं शांतपणें विचार करून ठरवावें. हें आम्हांस शिकविणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे आम्ही ऋणी आहों.