शालिग्राम
शालिग्राम : नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात व काठच्या गाळात सापडणारे, विष्णूचे प्रतीक म्हणून पूजिले जाणारे काळे, गुळगुळीत गोटे. मुस्तांग भागातील मुक्तिनाथचा परिसर त्यांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. पंचायतन पूजेत विष्णूच्या स्थानी शालिग्राम असतो. महाराष्ट्रात तुळशीच्या लग्नात वर म्हणून बाळकृष्णाप्रमाणेच शालिग्रामही ठेवला जातो.

अनेक शालिग्रामांना एखादे छिद्र असते व त्यातून आतील चक्राकार रेषा दिसतात. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून ही चक्रे कोरतो, अशी पारंपरिक समजूत आहे. चक्रांची संख्या, छिद्राचे स्थान व रंग यांवरून लक्ष्मीनारायण, नरसिंह, वामन इ. प्रकार मानले जातात.

पुराजीवविज्ञानाच्या दृष्टीने ही चक्रे म्हणजे अमोनाइट या निर्वंश झालेल्या सागरी प्राण्याच्या कवचाचे ठसे होत. अमोनाइट हे माखली व ऑक्टोपस यांच्याप्रमाणे मृदुकाय प्राण्यांच्या शीर्षपाद वर्गातील असून सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते नष्ट झाले. प्राणी मेल्यावर कवच तळाच्या चिखलात पुरले जाई. त्याच्याभोवती खनिजद्रव्ये साचून कठीण गाठ तयार होई आणि चिखलाचा पुढे शेल खडक बने. म्हणजे जीवाने दगड पोखरलेला नसून दगडच जीवाच्या अवशेषाभोवती घडलेला असतो. चक्र हे सजीवाचे कार्य आहे, एवढे मात्र परंपरेने अचूक हेरले होते. काही गोट्यांत दिसणारी सोनेरी चकाकी पायराइट या लोह व गंधक यांच्या खनिजाची असते.

हे गोटे ज्या खडकांतून सुटतात ते स्पिती शेल या नावाने ओळखले जातात. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यावरून हे नाव पडले. त्यांतील जीवाश्मांचे विस्तृत वर्णन व्हिक्टर ऊलिख यांनी १९०३–१० या काळात प्रसिद्ध केले. हे शेल मुख्यतः उत्तर जुरासिक काळातील (सु. १६ ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचे) असून टेथिस समुद्राच्या तळावर साचले. ३,५०० मी.हून अधिक उंचीवर सागरी प्राण्यांचे अवशेष मिळावेत, हा हिमालयाच्या उत्थानाचा ठळक पुरावा होय. मऊ शेल झिजतो, कठीण गाठी मागे राहतात व प्रवाहात घासून गुळगुळीत होतात.

खऱ्या ठशात वेटोळे केंद्राकडे क्रमाने अरुंद होत जाते व त्यावरील कंगोरेही त्याच प्रमाणात बारीक होतात. कवचातील कप्पे अलग करणाऱ्या पडद्यांच्या कडा शाबूत असल्यास दंतुर, गुंतागुंतीच्या रेषा दिसतात. हत्याराने कोरलेल्या चक्रात हे साधणे कठीण असते. असे कोरीव नमुने बाजारात येतात. इंग्लंडमधील व्हिटबी येथे अशाच जीवाश्मांना दगड झालेले साप मानीत आणि विक्रेते त्यांवर सापाचे डोके कोरीत. चक्रविरहित गोटा मात्र खोटा असतोच असे नाही, कारण जीवाश्म पूर्णतः आत दडलेला असू शकतो किंवा गाठीत तो नसतोही.

नर्मदेचे बाण निराळे. ते प्रवाहाने घासलेले दगड असून त्यांचा जीवाश्मांशी संबंध नाही. दख्खनचा बेसाल्ट लाव्हारसापासून झालेला असल्याने त्यातून अमोनाइट मिळत नाहीत. त्या प्रदेशात गोदावरी किंवा कृष्णेच्या काठी शालिग्राम आढळल्यास, तो एखाद्या देवघरातून विसर्जित झालेला असण्याचाच संभव अधिक.