बंगळूरचे वार्तापत्र : फिर्यादीचा विलंब आणि न्यायालय



१ ऑगस्ट २०२५ रोजी येथील विशेष न्यायालयाने हासनचे माजी खासदार प्रज्वल रेवण्णा यांना बलात्काराच्या आरोपाखाली दोषी ठरविले आणि दुसऱ्याच दिवशी उर्वरित आयुष्यभराच्या कारावासाची शिक्षा फर्मावली, हे वृत्त आपल्या वाचकांपर्यंत पोहोचलेच असेल; परंतु माजी पंतप्रधानांचा नातू तुरुंगात गेला या कुतूहलापाशीच बहुतेकांचे लक्ष थांबले, आणि त्याच घराण्याकडे घरकाम करणाऱ्या एका स्त्रीची जबानी एवढ्या बलाढ्य प्रतिपक्षासमोर कशी टिकली, ही अधिक मोलाची गोष्ट मागे पडली. त्या स्त्रीचे नाव मी लिहीत नाही. ते प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तो तसा असणे मला सर्वस्वी योग्य वाटते.

घटना २०२१ मधली, फिर्याद २०२४ मधली. या विलंबावर बचाव पक्षाने साहजिकच बोट ठेवले. परंतु ज्या घरच्या पगारावर चूल पेटते, ज्या घराच्या शब्दाला साऱ्या तालुक्यात वजन आहे आणि अत्याचाराचे चित्रीकरणही ज्या घरातील माणसाच्या हाती आहे, त्या घराविरुद्ध एकट्या बाईने तत्काळ ठाण्याची पायरी चढावी, अशी अपेक्षा कोणत्या न्यायबुद्धीने करावी? तिच्या जबानीला बळकटी आली ती एका साडीने. त्या साडीवर सापडलेल्या जैविक खुणा न्यायवैद्यक तपासणीत आरोपीशी जुळल्या. शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील दाखल झाले आहे. तरीही उशिरा आलेल्या स्त्रीला न्यायालयाने दारातूनच परत पाठविले नाही, हे नोंदविण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली, आणि तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघा प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरावे.

कायदा बदलला म्हणून मने लगोलग बदलतात असे नाही. कब्बन पार्कच्या कडेला उभ्या असलेल्या लाल रंगाच्या अट्टारा कचेरीत येथील उच्च न्यायालय भरते. त्याच न्यायालयाने २०२० मध्ये एका आरोपीला अटकपूर्व जामीन देताना, अत्याचारानंतर थकून झोपी गेल्याचे सांगणे भारतीय स्त्रीला शोभत नाही, अशा आशयाचा शेरा मारला होता. देशभर संताप उसळला आणि तो शेरा वगळण्यात आला. पुढे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असल्या शेऱ्यांची दखल घेऊन सर्व न्यायालयांना बजावले की फिर्यादीचा पेहराव वा वर्तन यांवर भाष्य करू नये आणि आरोपीशी तडजोड किंवा विवाह सुचवू नये.

या शहरात पोटासाठी आलेल्या मुलींची संख्या मोठी आहे, त्यांत बेळगाव-सोलापूरकडच्याही आहेत. त्यांच्या आईवडिलांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने फिर्याद नोंदवून घेतलीच पाहिजे. बलात्काराच्या गुन्ह्याची फिर्याद नोंदविण्यास नकार देणाऱ्या अंमलदाराला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. जबानी स्त्री अधिकाऱ्याने घ्यावयाची, तीही फिर्यादीच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक इस्पितळाने प्रथमोपचार व औषधोपचार विनामूल्य केला पाहिजे. तपासणी तिच्या संमतीनेच व्हावी आणि अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पोहोचावा. दोन बोटांची ती अवमानकारक चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. खटला बंद दालनात चालतो. वकील परवडत नाही म्हणून कोणी मागे सरू नये : उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत विधिसाहाय्य मिळते, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, आणि बलात्कारपीडितेच्या नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत किमान चार लाख रुपयांची तरतूद आहे. हे सारे हक्काचे आहे, मागून घ्यावे.

मात्र हे संरक्षण घराच्या उंबरठ्याशी थबकते. पत्नी अठरा वर्षांची झालेली असेल तर पतीने केलेला बळजबरीचा संबंध नव्या न्यायसंहितेतही बलात्कार मानला जात नाही. येथील उच्च न्यायालयाने २३ मार्च २०२२ रोजी एका पतीवरील बलात्काराचा आरोप रद्द करण्यास नकार दिला, तेव्हा ही भिंत हलेल असे वाटले होते. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्याला स्थगिती दिली, आणि मूळ प्रश्नाची तेथील सुनावणी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू होऊन तहकूब झाली.