अर्बुदापर्यंत औषध पोहोचविण्याचा प्रश्न

रसायनोपचारात औषध रक्तात मिसळले म्हणजे ते अर्बुदात, अर्थात कर्करोगाच्या गाठीत, पोहोचलेच असे समजणे चुकीचे होय. निरोगी ऊतकातील केशवाहिन्यांची रचना सुव्यवस्थित असते. अर्बुदातील वाहिन्या वेड्यावाकड्या, कोठे फुगलेल्या तर कोठे दबलेल्या व पाझरणाऱ्या असतात. पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या तेथे नीट कार्य करीत नाहीत. परिणामी आतील दाब वाढतो आणि वाहिनीपासून दूरच्या पेशी औषधाविना राहतात. मात्रा वाढवावी, तर अस्थिमज्जेसारख्या निरोगी ऊतकांस अपाय होतो.

ह्या अडचणीवर निरनिराळे उपाय योजिले गेले. वाहिन्यांच्या पाझरण्याचाच लाभ घ्यावा, हा विचार मात्सुमुरा व माएदा ह्यांनी 1986 मध्ये मांडला. स्निग्ध आवरणाच्या सूक्ष्म कोशांतील डॉक्सोरुबिसिनला 1995 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वाहिन्यांची वाढ रोखणारे औषध बेताने दिल्यास उरलेल्या वाहिन्या काही काळ सुव्यवस्थित होऊन अन्य औषधास वाट देतात, असे प्रतिपादन राकेश जैन ह्यांनी 2001 मध्ये केले.

रोज वा ठरावीक अंतराने अल्प मात्रा देण्याची ‘मेट्रोनोमिक’ पद्धती प्रामुख्याने वाहिन्यांच्या वाढीवरच आघात करू पाहते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मस्तक व मान ह्यांच्या असाध्य अवस्थेतील कर्करोगाच्या 422 रुग्णांवर ह्या पद्धतीची चाचणी झाली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट व दररोज सेलेकॉक्सिब तोंडावाटे घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान 7.5 महिने, तर दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे 6.1 महिने आढळले. हे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते.

तेंदूपाने व विडीच्या व्यवसायाशी जोडलेल्या गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने ह्या निष्कर्षास विशेष अर्थ आहे. तंबाखू हे मुखकर्करोगाचे प्रमुख कारण होय. सिस्प्लॅटिनबरोबर सलाइन द्यावे लागते. त्यासाठी लोहमार्गाने सुमारे 130 किलोमीटरवरील नागपूर वारंवार गाठणे क्षीण रुग्णास व त्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास जड जाते. गोळ्या घरी घेता येतात. रक्ततपासणी व वैद्यकीय देखरेख मात्र टळत नाही.

तथापि आयुर्मानातील ही वाढ अल्प आहे, आणि तिच्यावरून अर्बुदात औषध अधिक पोहोचले असे सिद्ध होत नाही. त्यासाठी अर्बुदातील औषधाचे प्रमाण प्रत्यक्ष मोजावे लागेल. रुग्णाच्या हाती औषध पोहोचणे आणि पेशीपर्यंत ते पोहोचणे हे दोन प्रश्न अभ्यासकाने वेगळे ठेवले पाहिजेत; उपचार ठरविताना मात्र दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.