वजनकाटा काय सांगतो, काय सांगत नाही

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गावर्गांतून मुलांची उंची मोजली जाते, वजनं घेतली जातात. प्रगतिपुस्तकात दोन आकडे लिहिले की ते काम संपतं. फार झालं तर एखादा जाडजूड मुलगा इतरांच्या थट्टेचा विषय होतो आणि एखादी किडकिडीत मुलगी 'काटक आहे' म्हणून सुटते. या दोन आकड्यांवरून आपण मुलांच्या आरोग्याबद्दल नक्की काय सांगू शकतो?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. सकाळच्या वेळी ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीच्या बाजूला उभं राहून आत शिरणारी गर्दी पाहा. त्यात लठ्ठ म्हणावी अशी माणसं थोडीच दिसतील. बहुतेक जण मध्यम बांध्याचे, कित्येक तर बारीकच. धावत जिना चढून गाडी पकडणारे. आपल्या मनातल्या चित्राप्रमाणे मधुमेह हा सुखवस्तू, जाड माणसांचा आजार असेल तर या गर्दीत तो फारसा नसायला हवा. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. युरोपातल्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार लहान वयात होतो, आणि वजन बेताचं असतानाही होतो. असं का, याचं उत्तर शोधताना 'निरोगी माणूस' या कल्पनेकडेच नव्याने पाहावं लागतं.

आकडा आला कुठून?

वजन किलोग्रॅममध्ये घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. येणाऱ्या संख्येला शरीरभार निर्देशांक किंवा बीएमआय म्हणतात. उदाहरणार्थ, उंची १.७० मीटर आणि वजन ६४.५ किलो असेल तर ६४.५ ÷ २.८९, म्हणजे सुमारे २२.३.

हे सूत्र कोणा डॉक्टरचं नाही. एकोणिसाव्या शतकात अडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने ते मांडलं. केटले संख्याशास्त्रीही होता. हजारो माणसांची मापं घेऊन त्यातून 'सरासरी माणूस' कसा दिसतो हे त्याला शोधायचं होतं. एकेका माणसाचं आरोग्य तपासणं हा त्याचा हेतूच नव्हता. बीएमआय हे नाव तर त्याला १९७२ साली मिळालं.

मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. पण वजनकाट्याला एक गोष्ट कळत नाही. काट्यावर उभं राहिलेलं वजन हाडांचं किती, स्नायूंचं किती आणि मेदाचं, म्हणजे चरबीचं किती, हे त्याला वेगळं करता येत नाही. मोठ्यांसाठी १८.५ ते २५ ही मर्यादा बराच काळ ठीक मानली जाई. भारतीयांसाठी मात्र आता २३ च्या पुढे सावध व्हावं असं सांगितलं जातं. मर्यादा खाली का आणावी लागली, ते पुण्यातल्या एका संशोधनातून चांगलं समजतं.

दोन डॉक्टर, एक आकडा

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मधुमेहाचे अभ्यासक. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रं आणि मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. म्हणजे काट्याच्या मते दोघे सारखेच. मग क्ष-किरणांच्या एका खास तपासणीने दोघांच्या शरीरातला मेद मोजला. युडकिन यांचा निघाला ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के!

वरच्या उदाहरणातलं ६४.५ किलो वजन धरलं, तर एकाच्या अंगावर सुमारे ६ किलो मेद आणि दुसऱ्याच्या अंगावर सुमारे १४ किलो. तेवढे स्नायू अर्थातच कमी.

हा फरक का महत्त्वाचा? जेवणानंतर रक्तात आलेलं ग्लुकोज मोठ्या प्रमाणावर स्नायू उचलतात आणि साठवून ठेवतात. स्नायू कमी म्हणजे कोठारच लहान. पोटातल्या अवयवांभोवती साठलेला मेद तर स्वस्थ बसत नाही. त्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जातात आणि इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. मग तेच काम करून घ्यायला स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन तयार करावं लागतं. काही वर्षांनी त्याची ताकद कमी पडू लागते आणि रक्तातली साखर वाढते. काट्यावरचा आकडा या सगळ्या काळात जागचा हललेलाही नसतो.

त्या लेखात दोघांनी यामागची संभाव्य कारणंही दिली होती. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिक यांनी मात्र मोठ्या गमतीने कबूल केलं होतं, की त्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी तिथवर धावणं. (आपल्याकडच्या गाडी पकडणाऱ्यांना हा व्यायाम ओळखीचा वाटेल!) दुसरं कारण अधिक विचार करायला लावणारं होतं. जन्माच्या वेळी याज्ञिक यांचं वजन कमी होतं.

सहा गावांतली बाळं

चाळिशीतल्या मधुमेहाचा जन्माच्या वेळच्या वजनाशी काय संबंध? इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात जुन्या जन्मनोंदी तपासल्या. कमी वजनाची जन्मलेली बाळं मोठेपणी हृदयविकाराने जास्त प्रमाणात दगावतात, असं त्यांना आढळलं. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं, तर ते मेंदूसारख्या महत्त्वाच्या अवयवांना वाचवतं आणि इतर अवयवांच्या वाढीत काटकसर करतं. त्या काटकसरीची किंमत पुढे मोजावी लागते, अशी त्यांची मांडणी होती.

ही कल्पना तपासायला १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. गर्भ राहण्याच्या आधीपासून बायकांची मापं घ्यायची, गरोदरपणात त्यांचा आहार आणि कामं नोंदवायची, आणि मग जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यायचा, असं त्याचं स्वरूप होतं. या आया सरासरी २१ वर्षांच्या, वजनाने सुमारे ४२ किलोच्या. बीएमआय साधारण १८.

त्यांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. इथपर्यंत आश्चर्य काही नव्हतं. पण बारकाईने मोजल्यावर दिसलं, की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पाठीवरच्या कातडीखालचा मेद मात्र फारसा कमी नव्हता. हाडकुळी दिसणारी ही बाळं अंगातल्या मेदाच्या प्रमाणात मागे नव्हती. संशोधकांनी त्यांना 'थिन-फॅट', म्हणजे बारीक तरीही मेदाळ, असं नाव दिलं. म्हणजे आळशीपणा आणि वडापाव यांच्या कितीतरी आधी मधुमेहाची पूर्वतयारी सुरू झालेली असू शकते.

ताटात काय, डोक्यावर काय

आईला नुसतं जास्त खायला घातलं की प्रश्न सुटेल का? या गावांतल्या नोंदींमध्ये आईने खाल्लेले एकूण उष्मांक किंवा प्रथिनं यांचा बाळाच्या वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, फळं आणि हिरव्या पालेभाज्या किती वेळा खाल्ल्या याच्याशी. पोट भरणं वेगळं आणि पोषण होणं वेगळं, ही आपल्या आज्या सांगत आलेली गोष्ट इथे आकड्यांत दिसली.

आणखी एक नोंद होती ती कामाची. शेतातली आणि घरातली कष्टाची कामं, विहिरीवरून पाणी आणणं हे सगळं गरोदरपणातही चालू होतं. ज्या बायकांना अशी कामं जास्त, त्यांची बाळं लहान. पाण्याचा नळ दारात असणं किंवा नसणं ही गोष्ट आपण आरोग्याच्या रकान्यात लिहीत नाही. पण बाळाच्या शरीरात तिची नोंद होते.

तिसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. या आयांपैकी निम्म्याहून जास्त जणींत ते कमी होतं. ज्यांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनचं काम अडखळत असल्याची लक्षणं सर्वांत जास्त दिसली. (म्हणून गरोदरपणातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्या आवश्यकच आहेत. प्रश्न आहे तो सोबतीच्या ब-१२ चा.) ब-१२ फक्त सूक्ष्मजीव बनवतात, वनस्पती बनवत नाहीत. म्हणून ते मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. चेंदणी कोळीवाड्यातल्या घरात ते ताटात सहज येईल, पण दूधही न परवडणाऱ्या शाकाहारी घरात कुठून येणार? नववी-दहावीच्या मुलांना एक कोडं जरूर घाला: गाय तर गवतच खाते, मग तिच्या दुधात ब-१२ कुठून येतं?

इथे एक सावधगिरी हवी. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. म्हणूनच या अभ्यासात जन्मलेली मुलं-मुली वयात आल्यावर त्यांना ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर परिणाम होतो का, हे पाहणारी चाचणी २०१२ साली सुरू झाली.

मन आणि मान

आहार आणि कष्ट यांपुढेही एक पायरी आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या नोकरांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघालं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही या फरकाचा थोडाच भाग समजावता आला. मायकेल मारमॉट आणि सहकाऱ्यांच्या पुढच्या कामातून असं दिसलं, की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचाही यात वाटा आहे. सतत ताण असला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं राहतं, आणि ते रक्तातली साखर वाढवतं. मनावरचा भार शरीरात उतरतो, तो असा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासूनच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक या तिन्ही बाजू आहेतच. पुण्याच्या अभ्यासाने तिला काळाचीही जोड दिली. माणसाचं आरोग्य त्याच्या जन्माआधी, आईच्या ताटापासून सुरू होतं.

वर्गात काय करता येईल?

एक सोपा प्रयोग आहे. आपल्या उंचीएवढी दोरी घ्यायची, ती मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती धरायची. टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत, तर पोटाभोवती मेद जास्त असण्याची शक्यता आहे. काट्याला न कळणारी गोष्ट दोरीला थोडीफार कळते. मात्र हा प्रयोग प्रत्येकाने घरी, स्वतःचा स्वतः करावा. वर्गासमोर कोणाची कंबर मोजू नये. थट्टेने कोणाचंही आरोग्य सुधारत नाही.

दुसरं, उंची-वजनाच्या आकड्यांसोबत काही प्रश्न विचारता येतील. सकाळी काही खाऊन आलास का? काल दिवसभरात खेळायला किती वेळ मिळाला? झोप किती झाली? घरी पाणी कोण भरतं? वर्गाची उत्तरं नावं न लिहिता एकत्र केली, तर आपल्या वस्तीच्या आरोग्याचं एक चित्र मुलांच्याच हाती येईल.

आणि तिसरं, 'काटक' म्हणून सुटणाऱ्या त्या मुलीकडे पुन्हा पाहावं. तिला मैदानावर जागा मिळते का, घरी दूध वाटताना तिचा नंबर कितवा लागतो, हे विचारावं. पुढच्या पिढीतल्या मधुमेहाचा काही भाग आज या उत्तरांवर ठरतो आहे.