सामाईक घराची वही

मनुष्य एकटा असला म्हणजे आपल्या मिळकतीचा हिशेब मनात ठेवू शकतो. परंतु तीच मिळकत चौघांची किंवा दहाजणांची झाली, की हिशेब मनातून कागदावर यावा लागतो. अलीकडे घरांच्या व जमिनींच्या किमती इतक्या वाढल्या आहेत, की भावंडे, मित्र किंवा परस्परांस अनोळखी असलेली माणसेही पैसे एकत्र करून मिळकत घेऊ लागली आहेत. त्यांचे हिस्से, खर्च आणि निर्णय यांची नोंद ठेवण्यासाठी संगणकप्रणाली घडविण्यात येत आहेत. अशी प्रणाली घडविणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घेण्यासारखे आहे.

अनेकांनी मिळून मालकी पत्करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती 1915 साली. पुण्याचे उदाहरण त्याहून अलीकडचे आहे. शहराच्या पूर्वेस हडपसरजवळ मगरपट्टा येथे सुमारे 120 शेतकरी कुटुंबांची एकमेकांस लागून असलेली सुमारे 400 एकर जमीन होती. शहर वाढत वाढत तिच्या बांधापर्यंत येऊन ठेपले. प्रत्येकाने आपापला तुकडा विकला असता, तर हाती आलेला पैसा सरण्यास आणि शेतकरी स्वतःच्याच गावात परका होण्यास फार वेळ लागला नसता. सतीश मगर यांच्या पुढाकाराने या कुटुंबांनी जमिनी एकत्र केल्या व कंपनी स्थापन केली. ज्याची जितकी जमीन, तितक्या प्रमाणात त्यास कंपनीचे भाग मिळाले. 2000 सालच्या सुमारास बांधकामास आरंभ झाला आणि उसाच्या रानात घरे, कचेऱ्या, शाळा व उद्याने यांचे एक नगर उभे राहिले. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीचा प्रत्यय पुणेकरांस आला. तथापि ही एकी केवळ भावनेवर उभी नव्हती. कोणाचा हिस्सा किती, हे जमिनीच्या मापाने आधीच ठरलेले होते.

असे ठरलेले नसेल तर काय होते? समजा, तिघा भावंडांनी मिळून कोथरूडला 60 लाख रुपयांचे घर घेतले. थोरल्या बहिणीने 30 लाख आणि दोघा भावांनी प्रत्येकी 15 लाख रुपये दिले. खरेदीखतावर तिघांचीही नावे लागली. हिस्से मात्र कोणी लिहिले नाहीत. ‘आपल्याआपल्यांत कसला हिशेब!’ असे म्हणून सारे निश्चिंत झाले. वीस वर्षांनी बहीण निवर्तली. पैसे कोणी किती दिले, याचा एकही कागद सापडेना. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 45 वे कलम असे सांगते, की सामाईक पैशाने घेतलेल्या मिळकतीत, निराळा करार नसल्यास, ज्याने जितके घातले तितका त्याचा हिस्सा; परंतु कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर सर्वांचे हिस्से समान आहेत असे धरावयाचे. म्हणजे निम्मे पैसे देणाऱ्या बहिणीच्या मुलांच्या वाट्यास तिसराच हिस्सा आला! भावांचे मन वाईट होते असे नाही. वीस वर्षांत त्यांनाही नेमके आकडे आठवेनासे झाले होते.

ही न लिहिलेली वही लिहून ठेवणे, हे संगणकप्रणालीचे पहिले काम होय. त्यात पहिली काळजी हिश्श्याची घ्यावी लागते. पूर्वी जमिनीतील हिस्से आणे आणि पै या मापांत लिहिण्याची रीत होती. सारी मिळकत सोळा आणे धरावयाची व एका आण्याच्या बारा पै. तिघांत सारखी वाटणी झाली, की प्रत्येकास पाच आणे चार पै येत आणि बाकी काही उरत नसे. हाच तिसरा हिस्सा संगणकात शेकडा 33.33 असा लिहिला, तर तिघांची बेरीज 99.99 भरते. उरलेला अंश क्षुल्लक दिसतो खरा. पण एक कोटी रुपयांच्या मिळकतीत त्याची किंमत एक हजार रुपये होते, आणि ते हजार रुपये कोणाचे, हे सांगता येत नाही. म्हणून जाणता प्रणालीकार ‘तिनांतील एक’ असा अपूर्णांकच जतन करतो, आणि सर्व हिश्श्यांची बेरीज पूर्ण एक भरल्याखेरीज नोंद स्वीकारीत नाही.

दुसरा नियम असा, की केलेली नोंद पुसावयाची नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर एखाद्याचा हक्क संपला, तर त्याचे नाव नाहीसे करीत नाहीत. त्यास कंस करतात व बदलाचे कारण फेरफाराच्या नोंदवहीत क्रमांक घालून लिहितात. संगणकातही चुकीची नोंद तशीच राहू द्यावी आणि तिच्याखाली दुरुस्तीची नवी नोंद करावी. ती कोणी केली व केव्हा केली, हे सर्व भागीदारांस दिसले पाहिजे.

तिसरी गोष्ट निर्णयाची. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासदाचे घर लहान असो वा मोठे, त्यास मत एकच असते. कंपनीत मते सामान्यतः भागांच्या प्रमाणात मोजतात. गळणारे छप्पर दुरुस्त करणे बहुमताने ठरावे, की घर विकण्याप्रमाणेच त्यासही सर्वांची संमती लागावी? एकास बाहेर पडावयाचे असल्यास त्याच्या हिश्श्याची किंमत कोणी ठरवावी, आणि तो विकत घेण्याचा पहिला मान कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे संगणक देऊ शकत नाही. माणसांनी ती पैसे देण्यापूर्वी ठरवावी लागतात. ठरलेला नियम सर्वांस सारखा लावणे, एवढेच यंत्राचे काम.

इतके करूनही, पडद्यावर नाव उमटले म्हणून कोणी मालक होत नाही. 100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत कायद्याने नोंदवावेच लागते. या खात्याचे राज्यातील मुख्य कार्यालय, म्हणजे नोंदणी महानिरीक्षकांची कचेरी, पुण्यातच आहे. खात्याने या शतकाच्या आरंभी ‘सरिता’ व पुढे ‘आय-सरिता’ या संगणकप्रणाली वापरात आणल्या. पण दस्त करून देणाऱ्याची ओळख पटवून त्याची कबुली घेण्याचे तत्त्व सोडले नाही. तसेच, अनेकांकडून पैसे गोळा करून मोठ्या व्यापारी इमारतींत त्यांना हिस्सा देणाऱ्या संस्था निघाल्या, तेव्हा ‘सेबी’ने 2024 साली त्यांच्यासाठी नियम केले. अशा एका योजनेत किमान 200 गुंतवणूकदार असावेत आणि प्रत्येकाची रक्कम 10 लाख रुपयांहून कमी नसावी, असे त्यांत आहे. दुसऱ्याचा पैसा हाती घेणाऱ्यावर कायद्याची देखरेख असावी, हा त्यामागील हेतू होय.

जिवलगांत हिशेब लिहिणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे अनेकांस वाटते. कोथरूडच्या त्या तिघा भावंडांसही तसेच वाटले होते. खरेदीच्या दिवशी खरेदीखतात एक ओळ अधिक लिहिली असती, तर मामा आणि भाचे यांच्यामध्ये दहा लाख रुपयांचा वाद उभा राहिला नसता, आणि त्या घराचे दार पुढेही दोघांसाठी उघडे राहिले असते.